मान जरा उजवीकडे

फोटोग्राफर काकांच्या स्टुडिओत तीस वर्षं एकच हुकूम चालायचा, "मान जरा उजवीकडे... हां, बस्स!"

साठीला कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "लहानपणी गुडघ्याला मार लागला होता ना? हाड जिथून वाढतं, नेमकं तिथेच लागलं. म्हणून डावा पाय इंचभर आखूड राहिला. काका, तुम्ही आयुष्यभर तिरके उभे आहात!"

डाव्या बुटात जाड टाच बसवून काका स्टुडिओत आले आणि भिंतीवरचे फोटो पाहतात तर काय, अख्खं गाव तिरकं!

शरमेने त्यांनी पाटी लावली, 'जुने फोटो फुकट बदलून मिळतील.' पहिल्या आल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. ताठ मानेचा झकास फोटो घेऊन त्या लायसन्सच्या कचेरीत गेल्या आणि तासाभरात तणतणत परत आल्या.

"तिथले साहेब म्हणतात, चेहरा जुळतोय, पण या बाई आपल्या गावच्या वाटत नाहीत!"



काकांनी बुटातली टाच उपसून काढली. "बसा बाई. मान जरा उजवीकडे... हां, बस्स!"