चिखलाचे टायर

"डांबरीचे देऊ का चिखलाचे?" पाथर्डीच्या दुकानात अझहरभाईनं मोटारसायकलचे टायर दाखवत विचारलं.

"चिखलाचेच द्या, मोठ्या बटनांचे, चिखलात पकड धरणारे," बन्सी म्हणाला. "उद्या रस्ता मंजूर करणाऱ्या साहेबाला मागं बसवून आमच्या वस्तीचा रस्ता दाखवायचाय. गाडी घसरून चालायचं न्हाई."

मागच्या पावसाळ्यात त्याच रस्त्यात जीप रुतली होती आणि बन्सीची आई दवाखान्याच्या वाटेतच गेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब मागं बसून निवांत मोबाईलवर बोलत होते. बन्सीचे हात मात्र हँडलवर घामानं भिजले होते. चिखल खोल होता, पण नव्या टायरांनी गाडीला जरासुद्धा घसरू दिलं नाही.

वस्तीवर उतरून साहेब हसले.



"एकदाही पाय टेकावा लागला नाही तुला, मग रस्ता खराब कसा रे?"