देवाचा दिवस

"म्हणजे जग सहा दिवसांत झालंच नाही, साहेब? देवाला ओव्हरटाइम करावा लागला म्हणायचा!" कॉलेजच्या पोरींमधून आवाज आला आणि चर्चमधला रविवारचा वर्ग हसला.

नवे पाळकही हसले. "देवाचा दिवस आपल्या चोवीस तासांचा नसतो. सृष्टीचा एकेक दिवस कोट्यवधी वर्षांचा असेल. मग पृथ्वी कितीही जुनी निघो, पवित्र शास्त्र खोटं पडत नाही."

म्हातारा शांतवन सहा दिवसांसाठी कधीच भांडला नव्हता. आज मात्र तो उठून उभा राहिला. "साहेब, आमच्या हिला, राहेलला, माती दिली तेव्हा आधीचे पाळक म्हणाले होते, प्रभू लवकर येणार, मेलेले उठणार, तुमची भेट होणार. सोळा वर्षं झाली. ते लवकर आपल्या दिवसांनी, की देवाच्या?"

पाळकांनी दोन पानं उलटली, मग पुस्तक मिटलं. "आजोबा, ते कुणालाच ठाऊक नाही."

शांतवनने मान डोलावली नि काठी उचलली.

"थांबा ना, शेवटची प्रार्थना राहिलीय," पाळक म्हणाले.

"करा सावकाश," दाराशी पोचलेला शांतवन म्हणाला. "आता कसली घाई?"