उत्तरेचा शेवटचा खांब

सकाळी दहा वाजता जगातल्या सर्वांत उत्तरेच्या बेटावरचा संकेतखांब सुरू झाला. उपग्रह बंद पडल्यापासून जहाजं जमिनीत रोवलेल्या अशा खांबांवरूनच स्वतःची जागा ओळखत. मृणाल केळुसकर आणि तांडेलकाकांना न्यायला येणारं जहाज धुक्यात अडलं होतं, म्हणून बेटाचा तळ तपासण्याआधीच त्यांनी खांब चालू केला. जहाज पुन्हा निघालं.

काकांनी रीतीप्रमाणे नारळ फोडला. पाणी दगडाच्या खळग्यात साचलं.

“आता भोक पाडून खालचा खडक बघू या,” मृणाल म्हणाली.

“एवढे धोंडे काय आकाशातून पडले, ताई? आधी खोबरं खा.”

मृणालने खोबरं हातातच धरलं. खळग्यातलं पाणी सावकाश एका कडेला गेलं, थांबलं आणि परत फिरलं.

“काका, हे बेट तरंगतंय. धोंड्यांखाली बर्फ आहे.”

काकांनी खांब बंद केला. मृणालने वायरलेसवर हाक दिली, “कप्तान, थांबा. बेट वाहत चाललंय, खांब नकाशातल्या जागेवर नाही. तुम्ही पाण्याखालच्या खडकांकडे जात असाल.”

उत्तर लगेच आलं. “खांबाप्रमाणे आम्ही खोल पाण्यात आहोत, मॅडम. मग तळाला हे काय घासतंय?”

दुपारपर्यंत जहाजाकडून दुसरा संदेश आलेला नव्हता.