अर्धं वाक्य

"वेळ संपली," आई म्हणाली.

धाकटीने पेन खाली ठेवलं. आजही तिथेच. 'म्हातारा पत्र उघडत नाही, कारण पत्र उघडलं की', एवढंच लिहून झालं होतं. सोळा दिवस झाले, गाडी रोज याच वाक्यावर अडत होती. तिला आपल्या हाताचा राग आला.

वर्गातला निबंध परवावर आला होता. समोर येईल त्या कथेचं रसग्रहण, चाळीस मिनिटांत. मागचे दोन्ही निबंध तिचे अपुरे राहिले होते. हाही राहिला तर साहित्य हा विषय सोडावा लागेल, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं. पोरीचं डोकं चालतं, हात चालत नाही, हे त्यांचं निदान. औषधही त्यांनीच दिलं: एखादा चांगला निबंध घ्यायचा आणि हात बसेपर्यंत घड्याळ लावून तोच उतरवत राहायचा.

आईने त्याच दिवशी कपाटातून दादाचा पेपर काढला.

दादाने तो दोन वर्षांपूर्वी त्याच वर्गात लिहिला होता. नंतर नवव्या दिवशी तो तापाने गेला. पेपर तपासून झाल्यावर सर स्वतः घरी आले, दारातच आईच्या हातात तो देऊन मान खाली घालून निघून गेले. वीसपैकी सोळा गुण होते. वेळ संपल्यामुळे शेवटचं वाक्य 'पत्र उघडलं की' इथेच अर्धं राहिलं होतं. तिथून पुढचा शेवट धाकटीने आपल्या मनाने करायचा होता. तो तिच्या डोक्यात कधीचा तयार होता, फक्त तिथवर वेळ पुरायला हवा होता.

आई घरी शर्टांच्या कॉलरी शिवायची. पाहुणे आले तरी तिचं मशीन थांबत नसे. पण निबंधाच्या वेळी मात्र ती मशीनवर कापड टाकून धाकटीच्या समोर येऊन बसे. टेबलावरचं घड्याळ आपल्याकडे तोंड करून ठेवी, पोरीचं लक्ष काट्यांकडे जायला नको म्हणून. आणि तोंडाने म्हणत लिहायला लावी. म्हणत लिहिलं की हात अडत नाही, असं तिचं म्हणणं. धाकटीला ते मुळीच पटत नव्हतं, पण आईशी वाद घालायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. वडील तर त्या वेळी पायात चपला सरकवून सरळ बाहेर पडत.

निबंधाच्या दिवशी सकाळी वडिलांनी स्वतःचं घड्याळ काढून धाकटीच्या मनगटावर बांधलं. वर्गात कथा आली ती एका विहीर खणणाऱ्याची. तिने सुरुवात केली आणि वाघ मागे लागल्यासारखी लिहीत सुटली. शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि घाबरत मनगटाकडे पाहिलं. सात मिनिटं बाकी होती. घड्याळ बंद पडलं असेल असं वाटून तिने भिंतीवरचं पाहिलं. तेही तेच सांगत होतं. सरांनी पेपर घेतला, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे पाहून हसले.

घरी येऊन तिने एका दमात सगळं सांगितलं. आई "बरं झालं" म्हणाली आणि कॉलर शिवत राहिली. कथा कोणती आली, हेही तिने विचारलं नाही. धाकटीचा जीव एवढासा झाला.

दुपारी नेहमीच्या वेळेला आईने मशीनवर कापड टाकलं, दादाचा पेपर मांडला आणि समोर येऊन बसली. आता याची गरज नाही, असं धाकटीने सांगून पाहिलं. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग धाकटीनेही मनात म्हटलं, हात बसलाय तर आज दादाचा निबंध पुरा करूनच उठू. मनगटावरचं घड्याळ पाहून ठेवलं आणि म्हणत म्हणत लिहायला लागली. आई डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी धाकटीचा शब्द चुकला, तेव्हा पेपरकडे न पाहताच आईने तो दुरुस्त केला.

"...कारण पत्र उघडलं की..."

"वेळ संपली," आई म्हणाली.

धाकटीने मनगटाकडे पाहिलं. तेहतीस मिनिटं झाली होती. क्षणभर तिला काही उमगलं नाही. मग त्या सगळ्या दुपारी एकदम उमगल्या, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस ती स्वतःला मठ्ठ समजत होती.

"आई, अजून सात मिनिटं आहेत. मी पुरं करते."

तिने पेन कागदाला टेकवलं. आईने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"नको गं," आई म्हणाली. "ते पुरं झालं, की तो गेला."