अकाउंटचा मालक

'लायसन्स सक्रिय नाही. फाईल फक्त वाचता येईल.'

शिवदासने सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर पुन्हा बंद करून चालू केला. पुन्हा तीच लाल पट्टी. सेक्रेटरी विन्सेंटला हटवायची नोटीस लिहून तयार होती. आजची तारीख टाकायची आणि छापायची, एवढंच बाकी होतं. पण आज ती बोर्डावर लागली नाही, तर सभा हुकणार होती.

"हातानं लिही ना," कमिटीतली मृणालिनी जांभई देत म्हणाली.

"हातानं? सोसायटीची नोटीस आहे ही, पापडाची ऑर्डर नाही."

विन्सेंटला साधं लायसन्स सांभाळता येत नाही, तो इमारत काय सांभाळणार! हे शिवदासचं जुनं मत. तक्रार नळाची असो की कबुतरांची, खाली त्याचं एकच वाक्य असायचं: 'सेक्रेटरी झोपलेत का?' मुलुंडच्या त्या इमारतीत ते पोराटोरांनाही पाठ होतं.

कॉम्प्युटरने ओटीपी मागितला. सोसायटीच्या अकाउंटला नंबर विन्सेंटचा. रहिवाशांच्या तक्रारी याच अकाउंटवरून त्या नंबरवर जायच्या, ओटीपीही तिथेच गेला. माणसाला हाकलायला त्याचीच परवानगी! शिवदासने दातओठ खात फोन लावला.

विन्सेंट बर्म्युड्यावरच खाली आला. फाईल वाचता येत होतीच. त्याने ती चवीने वाचली. अकार्यक्षम. आळशी. बेजबाबदार.

"उद्धट राहिलं रे," तो म्हणाला. "टाक ते पण. हा घे ओटीपी. आणि माझा नंबर काढूनच टाक, तुझा घाल. दर वेळी माझे पाय कशाला धरतोस?"

शिवदासने मोठ्या तोऱ्यात स्वतःचा नंबर घातला. लाल पट्टी गेली. नोटीस छापून निघाली, 'उद्धट'सकट.

"पण हे बंद पडलंच कसं? एवढंही लक्ष नाही तुझं?"

"पडलं कुठे? तू नोटीस लिहितोयस कळलं, तेव्हा सकाळी मीच सगळीकडून साइन आउट केलं." विन्सेंटने नोटिशीखाली ठळक अक्षरांत 'मान्य' लिहून सही ठोकली. "सहा वर्षं राजीनामा घेऊन फिरतोय. कोण हात लावील तर शपथ!"

तो शीळ घालत जिना चढू लागला. तेवढ्यात शिवदासचा मोबाइल वाजला. सातव्या मजल्यावरच्या सपनाचा मेसेज होता.

'लिफ्टमध्ये अडकलेय. सेक्रेटरी झोपलेत का?'