सरोवराकाठी दहा दिवस

"पुन्हा सांगा, बाबा. हॉटेलातून विमानतळावर जायचंय. टॅक्सीवाल्याला काय दाखवाल?"

म्हाताऱ्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. "ते... हॉटेलचं कार्ड."

"कार्ड हॉटेलवर परतताना. विमानतळासाठी निळा कागद. किती वेळा सांगायचं?"

"विसरलो बघ," म्हणत ते ओशाळं हसले. मुलगा हसला नाही.

टेबलापलीकडे बसलेल्या बुकिंगवाल्या बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. लोकांच्या सहली ठरवून देण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती आणि पाच मिनिटांत गिऱ्हाइकाला टोपणनाव ठेवायची त्यांना खोड होती. याला त्यांनी 'मास्तर' करून टाकलं. बापाची अशी उलटतपासणी घेणारा मास्तर मात्र त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

शहर छान निवडलं होतं. समुद्राएवढं सरोवर, एकेका गल्लीत दहा-दहा देशांची माणसं, बेटावर नेणाऱ्या बोटी. बाईंनी नकाशा पसरला तसे म्हातारे काका खुर्चीत पुढे सरकले.

"पलीकडचा काठ दिसतच नाही म्हणे?"

"नाही दिसत, काका. बोटीत बसा, मग बघा गंमत."

"बसणार तर! आम्ही दोघंही बसू."

"बोटीत तुम्ही एकटेच जा," मास्तर म्हणाला. "तिसऱ्या दिवसापासून मी नसेन. मॅडम, तिथून पुढे खोली एका माणसाची करा."

"आणि तुम्ही?"

"माझी सोय झालीय."

सोय! असल्या सोयी बाईंनी ढिगाने पाहिल्या होत्या. पन्नाशीला टेकलेला हा गृहस्थ पट्ट्याला नवी भोकं पाडलेली दिसत होती इतका बारीक झाला होता, तो कुणासाठी हे काय विचारायला हवं? म्हाताऱ्याला सरोवर दाखवायचं निमित्त, आणि आपण तिकडे कुणाच्या तरी गळ्यात गळा. बाईंना शिसारी आली.

"फॉर्म तुम्हीच भरा," मास्तरने कागद बापापुढे सरकवला.

काका एकेक रकाना चाचपडत भरू लागले. जन्मतारीख दोनदा चुकली. बाईंनी पेन घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या. त्यांना करू द्या."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. बाई टेबलावरून वाकल्या.

"काका, सरळ नाही म्हणा. मी बुकिंग रद्द करते."

"छे हो! ही गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. कधी नव्हे ते म्हणाला, बाबा, सुट्टीवर जाऊ. हल्ली जरा चिडतो, पण नेतोय ना." काकांनी फॉर्मवर पुन्हा मान झुकवली. "चूक झाली तर सांगा हं. तो यायच्या आत."

बाईंना त्या मुलाची अशी किळस आली की तो परत येऊन बसला तेव्हा त्यांनी खुर्ची मागे घेतली.

"बाबा, खालच्या मजल्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. पासपोर्टची प्रत काढून आणा. एकटे जा."

काका भिंतीचा आधार घेत निघाले. मास्तर बसल्या जागचा हललाही नाही.

"परतीची दोन तिकिटं, दहाव्या दिवसाची?" बाईंनी कोरडेपणाने विचारलं.

"एकच. बाबांचं."

आता मात्र बाईंचा तोल गेला. "लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? ज्यांना साधं कार्ड लक्षात राहत नाही, त्यांना परक्या मुलखातून एकटं धाडणार, आणि तुम्ही तिथेच मजा मारत राहणार! आग लागो तुमच्या सुट्टीला."

मास्तरने वळून दाराकडे पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं.

"चौथ्या दिवशी तिथे माझं ऑपरेशन आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबांना सांगितलेलं नाही. त्यातून उठलो, तर माझं तिकीट माझं मी काढेन. नाही उठलो, तर त्यांना एकट्याने घरी येता आलं पाहिजे."