पहिली मुलाखत

आमचे बाबा चरित्रकार. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराचं, म्हणजे अण्णांचं, चरित्र लिहिलं तेव्हा अण्णांच्या बैलांची नावं, त्यांच्या बायकोची आवडती भाजी, सगळं बाबांना तोंडपाठ होतं!

आई गेली आणि बाबा म्हणाले, "तेजू, वर्षश्राद्धाच्या आत तुझ्या आईवर पुस्तक काढायचं." मी लगेच कामालाच लागले. बाबांचा नियम मला माहीतच होता. पहिली मुलाखत जोडीदाराची, कारण घरातलं माणूस त्यालाच खरं कळलेलं असतं. मग काय, मी बाबांनाच खुर्चीत बसवलं. वक्तृत्वात शाळेत पहिली आलेली मुलगी, घाबरते थोडीच!

"आज प्रश्न मी विचारणार हं, बाबा!"

"विचारा, बाईसाहेब," बाबा हसले.

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुरुवातीला अगदीच सोप्पा प्रश्न टाकला. "आईला कुठली भाजी आवडायची?"

"थांब हं, सांगतो."



रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. बाबांच्या त्या 'सांगतो'पुढे नुसता पंख्याचा आवाज येतो.